इडियम्स शिकवा, पण ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणू नका

पत्र:

‘मी नाशिकला कॉलेज रोडवर स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेते. संध्याकाळच्या बॅचला सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले इंजिनिअर असतात, निफाड-दिंडोरीकडची द्राक्षं एक्स्पोर्ट करणारी मुलं असतात आणि आयईएलटीएस ही परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या काही मुली. रोज फळ्यावर एक इडियम लिहायचा, अर्थ सांगायचा आणि प्रत्येकाने तो वाक्यात वापरून दाखवायचा, असा माझा शिरस्ता. मुलांना हे फार आवडतं. पण या सीझनला एक प्रकार झाला. एका विद्यार्थ्याने रशियातल्या खरेदीदाराला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, “दॅट शिप हॅज सेल्ड.” त्याला म्हणायचं होतं की जुना रेट आता मिळणार नाही, ती वेळ गेली. समोरचा घाबरला. त्याला वाटलं, कागदपत्रं व्हायच्या आधीच आपल्या कंटेनरचं जहाज सुटलं. बऱ्याच मेल आणि फोननंतर उलगडा झाला. मुलगा येऊन म्हणाला, “मॅडम, तुम्हीच शिकवला होता.” माझी एक मैत्रीणही इंग्रजीच शिकवते. ती म्हणते, इंग्रजी आता जगाची भाषा आहे, इडियम्स सरळ बंद कर. उलट एका विद्यार्थ्याचे वडील म्हणतात, इडियम्सशिवाय इंग्रजी म्हणजे मिठाशिवाय जेवण, रोज दोन शिकवा. कुणाचं ऐकू?’

– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर:

ताई, नमस्कार.

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. त्या मुलावर मात्र मुळीच रागावू नका. त्याने इडियम अगदी बरोबर वापरला. अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर, प्रसंगही बरोबर. लंडनच्या एखाद्या ऑफिसात कुणी मान वर करून पाहिलंही नसतं. फक्त ते वाक्य जहाजाने माल पाठवणाऱ्या माणसाने जहाजाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला ऐकवलं, आणि इंग्रजी दोघांचीही मायबोली नव्हती.

घोळ फळ्यावरच्या इडियममध्ये नाही, त्याच्या पुढच्या पायरीत आहे. ‘प्रत्येकाने वाक्यात वापरून दाखवायचा’ हे तुम्ही जे लिहिलंत ना, ते आपल्या सगळ्यांच्या अंगात शाळेपासून मुरलेलं आहे. मराठीचा पेपर आठवा: ‘खालील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ नाकी नऊ येणे. पाचावर धारण बसणे. गाईडमधली वाक्यं पाठ करून आपण मार्क घेतले आणि एक समजूत घेऊन बाहेर पडलो, की वाक्प्रचार शिकला म्हणजे तो वापरता आलाच पाहिजे. आता स्वतःचं मराठी तपासून बघा. ‘हात दाखवून अवलक्षण’ तुम्हाला शंभर टक्के कळतं, पण तुम्ही स्वतः ते शेवटचं कधी म्हणालात? मातृभाषेतसुद्धा कळणारे वाक्प्रचार पोतंभर असतात आणि तोंडात येणारे ओंजळभर. परक्या भाषेत आपण विद्यार्थ्यांकडून उलटी अपेक्षा धरतो.

खुद्द इंग्रज तरी हे रंगीत वाक्प्रचार किती वापरतात? रोझमंड मून यांनी सुमारे १.८ कोटी शब्दांच्या इंग्रजी संग्रहात अशा ठरीव शब्दसमूहांची मोजदाद केली आणि १९९८ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यातले बहुतेक १० लाख शब्दांमागे सरासरी एकदाही आले नव्हते. म्हणजे आपली मुलं ‘किक द बकेट’ आणि ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ पाठ करण्यात जो वेळ घालवतात, त्याचं व्याज फारच कमी मिळतं.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं कुठून आलंय ते मला ठाऊक आहे. अंबडचा इंजिनिअर इंग्रजीत बोलतो ते जर्मन, जपानी नाहीतर इटालियन माणसाशी. समोरच्यानेही इंग्रजी शाळेतच गिरवलेली असते. अशा संभाषणांचा अभ्यास करणाऱ्यांत व्हिएन्ना विद्यापीठाच्या बार्बरा सीडलहोफर यांचं नाव मोठं आहे. त्यांच्या गटाने अशा प्रत्यक्ष बोलण्याचा सुमारे १० लाख शब्दांचा ‘व्हॉइस’ नावाचा संग्रह २००९ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. त्यांचं एक निरीक्षण तुमच्या वर्गाच्या दारावर लावण्यासारखं आहे. ‘ही गो’, ‘शी वर्क’ असं शेवटचा ‘एस’ खाऊन बोललं, ‘ए’ आणि ‘द’ गाळलं, तरी सहसा कुणाचं काही अडत नाही. अडतं ते एकाने वापरलेला आणि दुसऱ्याला माहीतच नसलेला वाक्प्रचार मध्ये आला की. या एकतर्फी प्रकाराला त्यांनी वेगळं नावही दिलंय. आणि आपण वर्गात काय करतो? ‘ही गो’ म्हटलं की तिथल्या तिथे टोकतो, आणि इडियम टाकला की टाळ्या वाजवतो.

इथवर मैत्रीण बरोबर. पण ‘बंद कर’ इथे ती चुकते. तुमचा विद्यार्थी इडियम बोलला नाही म्हणून समोरचा बोलायचा थांबत नाही. परदेशातला मॅनेजर अमेरिकेत शिकून आलेला असतो, पुण्याच्या हेड ऑफिसमधले लोक ‘टच बेस’ (थोडक्यात संपर्क साधणं) आणि ‘लो हँगिंग फ्रूट’ (सहज हाती येणारं काम) केल्याशिवाय मेल संपवत नाहीत. हे कानावर आदळणारच. तेव्हा प्रश्न असा: कळलं नाही तर तुमचा विद्यार्थी त्या क्षणी काय करतो?

यावर एक फोन ऐकवते. डेन्मार्कमधल्या निर्यातदार कंपन्यांचे परदेशी ग्राहकांशी झालेले फोन अ‍ॅलन फर्थ या अभ्यासकाने तपासले आणि १९९६ मध्ये त्यावर लिहिलं. एका फोनवर ग्राहक सांगतो, चीज पाठवू नका, कस्टममध्ये ‘ब्लोइंग’ चाललंय. विक्रेत्याला ‘ब्लोइंग’ म्हणजे काय ते कळलेलं नाही, पण तो ‘आय सी, येस’ म्हणतो आणि पुढे ऐकत राहतो. ग्राहक पुढे बोलतो आणि शेवटी विचारतो, मग या ब्लोइंगचं आता करायचं काय? आता मात्र गाडी अडली, कारण निर्णय द्यायचाय. विक्रेता चाचरत विचारतो, ब्लोइंग म्हणजे काय, आकार फार मोठा झालाय का? ग्राहक म्हणतो, नाही हो, चीज खराब झालंय, कस्टमच्या शीतगृहात आंबल्यासारखं झालंय. ‘अच्छा, इट्स गॉन ऑफ,’ विक्रेता म्हणतो. ‘येस, इट्स गॉन ऑफ,’ ग्राहक तेच शब्द उचलतो आणि काम पुढे सरकतं.

चीजच्या जागी द्राक्षं घाला. कंटेनरमधलं तापमान वर-खाली झालंय, तिकडच्या माणसाकडे त्यासाठी नेमका इंग्रजी शब्द नाही, इकडचा पोरगा पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये उभा राहून ‘येस सर, येस सर’ करतोय.

त्या फोनमध्ये शिकण्यासारखं बरंच आहे. पहिलं म्हणजे विक्रेत्याने न कळलेला शब्द आधी सोडून दिला. यात गैर काही नाही. सगळेच सोडतात, पुढच्या वाक्यात अर्थ आपोआप उलगडेल या भरवशावर, आणि पुष्कळदा तो उलगडतोही. प्रत्येक शब्दाला अडवणारा माणूस कुणालाच फोनवर नको असतो. पण निर्णयाची वेळ आली तसा तो थांबला. आणि थांबून नुसतं ‘व्हॉट?’ म्हणाला नाही, एक अंदाज पुढे केला. अंदाज साफ चुकला, तरी त्यानेच समोरच्याकडून खरा अर्थ बाहेर काढला.

तुमच्या फळ्याच्या तासाचा मोठा भाग मी या कामाला देईन. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा, म्हणजे चेहरा दिसणार नाही, फोनसारखं होईल. एकाच्या हातात चिठ्ठी: ‘वी मे हॅव टू बाइट द बुलेट ऑन द सेकंड कंटेनर.’ (‘बाइट द बुलेट’ म्हणजे नको असलेली गोष्ट नाइलाजाने पत्करणं.) दुसऱ्याला आधी काहीच सांगायचं नाही. पहिल्या दिवशी वर्गातले बहुतेक ‘ओके सर’ म्हणतील. आपल्याकडे ‘कळलं नाही’ म्हणणं म्हणजे इभ्रतीचा प्रश्न, त्यातून शेजारी साहेब बसलेला असला तर विचारायलाच नको. तिथेच थांबवा आणि विचारा, मग दुसरा कंटेनर भरायचा की नाही? वर्गात शांतता पसरेल.

मग त्यांना प्रश्न विचारायची रीत द्या. ‘व्हॉट डू यू मीन?’ शिकवू नका. त्याने समोरचा तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हणतो. दोन पर्याय समोर ठेवायचे: ‘सॉरी, डू यू मीन यू विल टेक द सेकंड कंटेनर, ऑर कॅन्सल इट?’ आता त्याला साध्या शब्दांत उत्तर देण्यावाचून गत्यंतर नाही. आणि फोन ठेवण्याआधी एकदा स्वतःच्या शब्दांत: ‘सो, टू कन्फर्म, यू विल टेक इट अ‍ॅट द लोअर प्राइस.’ रक्कम, तारीख, नग, तापमान आणि कोण काय करणार, एवढ्या गोष्टींत न कळलेलं सोडायचं नाही. बाकी हवापाण्याच्या गप्पांत खुशाल सोडा.

यात एक मौज आहे. तुमच्या विद्यार्थ्यांची द्राक्षं न्हावाशेवाहून ज्या जहाजांवर जातात, तिथल्या खलाशांनी हा प्रश्न कधीच सोडवून टाकलाय. एकाच जहाजावर चार देशांची माणसं, सगळ्यांची मिळून इंग्रजी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये त्यांच्यासाठी ठरावीक वाक्यांचा संच मंजूर केला. त्यात बोलण्याआधीच सांगून टाकायची सोय आहे की पुढे काय येतंय: ‘क्वेश्चन’, ‘वॉर्निंग’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इंटेन्शन’. आकडे सुटे बोलायचे, पंधरा असेल तर ‘वन-फाइव्ह’, म्हणजे फिफ्टीन आणि फिफ्टीमध्ये गल्लत नको. तुमची मुलं खलाशांसारखी बोलायला लागली तर ऐकणारे हसतील, पण आकड्यांपुरतं हे उचलायला काहीच हरकत नाही. ज्याने दर फिफ्टीन सांगितला आणि फिफ्टी ऐकला गेला, त्याला विचारा.

आता एक गोष्ट, जिच्याकडे तुमचं लक्ष गेलं नसावं असं पत्रावरून वाटतं. फळ्यावरचे इडियम निदान इडियम म्हणून ओळखू तरी येतात. खरा दगा देतात ते आपल्या इथले, जे इडियम आहेत हेच आपल्याला माहीत नसतं. ‘सर, आय हॅव अ डाउट.’ आपल्याकडे याचा अर्थ मला एक शंका विचारायचीय. मशीन बसवायला आलेल्या जर्मन माणसाला वाटतं, याला माझ्या मशीनबद्दल संशय आहे. ‘आय पास्ड आउट इन २०१५’ म्हणजे आपण पदवीधर झालो, आणि ऐकणाऱ्याच्या लेखी आपण बेशुद्ध पडलो, शिवाय वर्षही लक्षात ठेवलं! ‘ही इज आउट ऑफ स्टेशन.’ ‘प्लीज डू द नीडफुल.’ ‘मीटिंग प्रीपोन करू या’ मधला प्रीपोन. ‘वन लॅख’. यातलं काही चुकीचं आहे असं मला म्हणायचं नाही. नाशिकहून चेन्नईला फोन लावलात तर हे सगळं सुखाने वापरा, दोघांनाही कळतं, उलट ‘डाउट’ऐवजी दुसरं काही म्हटलंत तर तिकडचा विचारात पडेल. पण आपली वाक्यं कुठल्या हद्दीपर्यंत चालतात हे मुलांना माहीत हवं. इंग्रजांचे इडियम एक आठवडा बाजूला ठेवून हा एक आठवडा आपल्या इडियम्सना द्या. यादी मुलांकडूनच निघेल, आणि तो तास खेळीमेळीचा होईल याची मला खात्री आहे.

वेळेचंही असंच. ब्रिटिश माणूस ‘हाफ सेव्हन’ म्हणाला तर साडेसात. जर्मन आणि डच भाषेत अगदी तशाच दिसणाऱ्या शब्दांचा अर्थ साडेसहा होतो, आणि बोलण्याच्या भरात कुणी आपली सवय इंग्रजीत आणली की कॉल एक तास चुकलाच. ‘सेव्हन थर्टी’ म्हणा आणि कुठल्या देशाची वेळ तेही म्हणा. विषय संपला.

मग फळ्यावर लिहायचं तरी काय? निवड तुम्ही गाईडवर सोडू नका. मुलांना ऑफिसात प्रत्यक्ष काय ऐकू येतं ते विचारा. तुमच्या लक्षात येईल की त्यातले पुष्कळ अमेरिकेच्या बेसबॉलमधून आलेत: बॉलपार्क फिगर (ढोबळ आकडा), टच बेस, कर्वबॉल (अनपेक्षित अडचण), आउट ऑफ लेफ्ट फील्ड (अगदी अनपेक्षित). गंमत बघा, क्रिकेटमधून आलेलं ‘हिट फॉर सिक्स’ आपल्या पोरांना न शिकवता कळतं, गोल्फ क्लब मैदानावर खेळून मोठी झालेली मुलं ती. बेसबॉल मात्र कुणी पाहिलेला नसतो. मग बेसबॉलचं मैदान फळ्यावर काढा, चारही बेस दाखवा, धावणाऱ्याने बेसला पाय लावल्याशिवाय चालत नाही हे सांगा, मग ‘टच बेस’ लिहा. बेल्जियमचे फ्रँक बूर्स आणि त्यांचे सहकारी यांनी यावर बरंच काम केलंय. वाक्प्रचार मुळात कुठून आला, जहाजावरून, शर्यतीतून की पत्त्यांच्या डावातून, हे ज्यांना कळलं त्यांच्या तो जास्त लक्षात राहिला. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कथांपासून जपा. जुन्या काळी गवताच्या छपरावरून कुत्री-मांजरं घसरून पडायची म्हणून ‘कॅट्स अँड डॉग्स’, ही फॉरवर्डमध्ये फिरणारी कथा बनावट आहे.

कानासाठीच्या, म्हणजे बोलायच्या नव्हे, नुसत्या ऐकून समजायच्या यादीत ‘टेबल’ जरूर घाला. ‘लेट्स टेबल धिस’ म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी चर्चेला घेऊ या, अमेरिकनांच्या लेखी तूर्त बाजूला ठेवू या. चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात लिहिलंय की या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांची लांबलचक वादावादी झाली, आणि मग कळलं की दोघांनाही एकच हवं होतं. इंग्रजी जन्मापासून बोलणाऱ्यांची ही तऱ्हा. तुमच्या मुलांना हे सांगा, ‘कळलं नाही’ म्हणायची त्यांची लाज निम्मी उतरेल.

आता बोलण्यासाठी. काहीच बोलायचं नाही असं मी म्हणणार नाही, मुलं हिरमुसतील आणि तुमचा वर्गही फिका पडेल. बोलण्यासाठी ते निवडा जे अनेक भाषांत आधीच नांदतायत. आगीशी खेळणे, पाठीत खंजीर खुपसणे, नक्राश्रू. ही चित्रं इंग्रजीत आहेत, मराठीत आहेत आणि युरोपातल्या बहुतेक भाषांतही सापडतात. शिकवायचे कष्ट कमी, कळण्याची शक्यता जास्त. यातही पाय घसरू शकतो. डोळ्यांत धूळ फेकणे म्हणजे आपल्याकडे फसवणं, रशियनमध्ये त्याच शब्दांचा रोख बडेजाव मिरवण्याकडे जातो. आणि कोल्ह्याची द्राक्षं! इसापाची गोष्ट मराठीत आली, इंग्रजीत आली, क्रिलोव्ह यांच्या कवितेतून रशियनमध्येही घराघरात गेली. सगळ्या जगाला कळणारा याच्याइतका वाक्प्रचार शोधून सापडणार नाही, आणि तुमच्या निर्यातवाल्या मुलांनी नेमका हाच कधी तोंडातून काढू नये. खरेदीदाराशी बोलताना ‘सावर ग्रेप्स’ म्हटलंत की तो थेट ब्रिक्सचा, म्हणजे द्राक्षांतल्या साखरेचा, रिपोर्ट मागेल.

याच नियमाने आणखी एक मोकळीक द्या: मुलांना आपल्या मराठीतलं इंग्रजीत नेऊ द्या. मारी-लुईझे पिट्झल या अभ्यासिकेने व्हिएन्नाच्या त्याच संग्रहातलं एक वाक्य प्रसिद्ध केलंय. एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘वी शुड नॉट वेक अप एनी डॉग्ज’. इंग्रजीतला ठरीव वाक्प्रचार तसा नाही. तो आहे ‘लेट स्लीपिंग डॉग्ज लाय’. पण उगाच मोहोळ उठवू नका, हा भाव ऐकणाऱ्यांना बिनबोभाट पोचला, कुणी अडवलं नाही. परीक्षेत याला लाल रेघ मिळाली असती. वाक्यातलं चित्र उघड असेल तर शब्द इकडेतिकडे झाले तरी चालतं, चित्र झाकलेलं असेल तर शब्द शंभर टक्के बरोबर असूनही चालत नाही. म्हणून तुमचा विद्यार्थी पाहुण्याला गंगापूर धरणाकडे जेवायला घेऊन गेला आणि ‘इन मराठी वी से, शॅलो वॉटर मेक्स मोअर नॉइज’ असं म्हणाला, तर त्याला शाबासकी द्या. आपलं ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ त्याने पाण्यासकट इंग्रजीत नेलं. सुरुवातीचं ‘इन मराठी वी से’ महत्त्वाचं. त्याने ऐकणाऱ्याला आधीच सूचना मिळते की पुढचं शब्दशः घ्यायचं नाही. त्या रशियन खरेदीदाराला एवढी सूचना मिळाली असती तरी पुरेसं होतं: ‘द ओल्ड प्राइस इज नो लाँगर पॉसिबल’, आणि मग वाटलंच तर हसत हसत जहाज.

आयईएलटीएसच्या मुलींना वेगळं बसवा, त्यांचं गणित निराळं आहे. बोलण्याच्या परीक्षेत सात बँडच्या वर्णनात ‘इडियमॅटिक’ हा शब्द येतो, तो वाचून क्लासवाले पन्नास इडियम्सची झेरॉक्स वाटतात. तिथे अपेक्षा आहे ती कमी रुळलेल्या आणि भाषेत सहज बसणाऱ्या शब्दयोजनेची, सोबत कुठला शब्द कुठल्या शब्दाशेजारी शोभतो याची जाण. ‘हेवी रेन’, ‘मेक अ डिसिजन’, ‘आय एंडेड अप स्टेइंग’ हे सगळं त्यातच आलं. शिवाय शब्दसंपत्ती हा चारपैकी एक निकष. ओघ, व्याकरण आणि उच्चार हे बाकीचे तीन, आणि चौघांचं वजन सारखं. दर तिसऱ्या वाक्याला ‘वन्स इन अ ब्लू मून’ खुपसणाऱ्या मुलीचा ओघच तुटतो. परीक्षकाला पाठांतर ओळखू येतं, त्याचं रोजचं काम आहे ते.

त्या वडिलांना दुखवू नका, ते फी भरतात आणि मुलाचं भलं बघतात. त्यांना सांगा, मीठ पानात पहिलं वाढतात हे खरं, पण वाढतात चिमूटभर. आणि रोज दोन इडियम शिकवायला तुम्ही तयार आहात, दोन्ही कानासाठी. महिनाअखेर त्यांच्या मुलाने एखाद्या परदेशी माणसाला फोनवर मध्येच थांबवून ‘डू यू मीन धिस ऑर दॅट?’ विचारलं, तर ती प्रगती समजायची. वडिलांना हे पटायला वेळ लागेल. चालायचंच.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. मुलांना ऑफिसात ऐकलेली वाक्यं आणायला सांगाल तेव्हा ती वहीत लिहून आणायला सांगा, कॉलचं रेकॉर्डिंग नको. कंपनीच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग क्लासमध्ये वाजलं तर तुमची आणि त्या पोराची दोघांचीही पंचाईत होईल. कंपनीचं नाव, ग्राहकाचं नाव, दर हे सगळं गाळून एक वाक्य आणि ते कुठल्या प्रसंगी आलं एवढंच लिहिलेलं पुरे. शनिवारच्या बॅचपासून सुरू केलंत तर द्राक्षांचा पुढचा सीझन येईपर्यंत तुमच्याकडे नाशिकची स्वतःची यादी तयार असेल.